निनावी आजाराची सोबत

घरात कोणी आजारी पडले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो, 'काय झाले आहे?' या प्रश्नाला टायफॉइड, कावीळ, मलेरिया असे एखादे उत्तर देता आले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्यालाही धीर येतो. नाव कळले म्हणजे आजार निम्मा ताब्यात आला, असे आपल्याला वाटते. परंतु ज्या आजाराला नावच सापडत नाही, आणि तोही मेंदूचा, अशा आजारात घरच्या माणसांनी काय करावयाचे? माझ्या धाकट्या बहिणीच्या दुखण्यात हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. त्याचे जे उत्तर हळूहळू हाती आले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मी वैद्य नव्हे. सरकारी नोकरीत कागदांच्या सहवासात वावरणारा माणूस आहे. म्हणून जे सांगेन ते रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याच्या भूमिकेतून.

२०१८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी त्या वेळी जबलपूरला होतो. बहीण माझ्याहून बारा वर्षांनी लहान, घरातले शेंडेफळ. वाईला आईवडिलांजवळ राहून ती एका शाळेत गणित शिकवीत असे. जुलैअखेर तिला दोन दिवस कणकण आली, डोके दुखले आणि मग बरे वाटले. त्यानंतर तिची झोप उडाली. शाळेतल्या इतर बाई आपल्याविषयी कुजबुजतात, असे ती म्हणू लागली. जेवता जेवता मध्येच रडे, मध्येच हसे. तिचे ठरत आलेले लग्न त्याच सुमारास फिसकटले होते. त्यामुळे घरातल्या सर्वांना कारण आयतेच सापडले. ७ ऑगस्टच्या रात्री तिने दूरध्वनीवर मला एकच वाक्य सात-आठ वेळा ऐकविले. दिवसभराच्या कामाने मी त्रासलेला होतो. मी म्हणालो, "आता हे नाटक पुरे कर." ती गप्प झाली.

पुढचे दहा दिवस जसे अशा घरात जातात तसेच गेले. कोणी झोपेच्या गोळ्या दिल्या, कोणी 'हे बाहेरचे आहे' म्हणून भगताचे नाव सुचविले. अखेर साताऱ्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे तिला नेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मनाचे दुखणे असेलही. पण आधी ताप आणि नंतर दोन-अडीच आठवड्यांत इतका बदल. मेंदूची तपासणी झाल्याखेरीज मी असे म्हणणार नाही." दुसऱ्याच दिवशी तिला पुण्याच्या एका रुग्णालयात दाखल केले आणि मी रजा काढून तेथे पोहोचलो.

मन आणि मेंदू यांची आपण दोन खाती करून ठेवली आहेत. वस्तुतः निसर्गाने तशी काही वाटणी केलेली नाही. मेंदूला सूज आली, त्याचा दाह झाला, तर त्याचे पहिले लक्षण पुष्कळदा वागण्यातच दिसते. संशय, भास, असंबद्ध बोलणे, निद्रानाश ही लक्षणे मनोविकारात आढळतात, तशीच मेंदूदाहातही आढळतात. या दाहाची कारणे नाना प्रकारची. हर्पिससारखे विषाणू आहेत, आपल्या देशात अद्याप ठाण मांडून बसलेला क्षय आहे, डासांमार्फत पसरणारा जपानी मेंदूज्वर आहे. याखेरीज आणखी एक प्रकार आहे, त्याची खरी ओळख अलीकडे पटली. आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या शत्रूशी लढावयाची ती चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटते. फिलाडेल्फियात काम करणाऱ्या जोसेप दालमाऊ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अशा एका आजाराचे नेमके कारण दाखवून दिले. मेंदूतील पेशींवर निरोप स्वीकारणारी जी स्थाने असतात, त्यांपैकी एका प्रकारच्या स्थानांवर शरीरातलीच प्रतिपिंडे हल्ला करतात. २०१३ साली या आजाराच्या ५७७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत पाचांपैकी चार स्त्रिया होत्या आणि बहुतेक रुग्ण तरुण वयाचे होते. काही स्त्रियांत अंडाशयातील गाठ हे या हल्ल्याचे मूळ असते आणि ती काढून टाकणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. २००७ पूर्वी असे किती रुग्ण वेडाचे म्हणून घरात किंवा मनोरुग्णालयात खितपत पडले असतील, याची कल्पनाच करावी.

रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञांनी आम्हांला पहिला प्रश्न विचारला तो असा : "पहिला बदल कोणत्या दिवशी दिसला?" बाबांनी एक तारीख सांगितली, आईने दुसरी, मी तिसरी. तिघेही लग्न मोडले त्या दिवसापासून मोजत होतो. ते मोडले ६ ऑगस्टला. डॉक्टर म्हणाले, "तुमचे अनुमान नको, जे घडले ते हवे." मग मी सरकारी माणसाला सुचेल तेच केले, कागद शोधले. बहिणीने त्या आठवड्यात घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. प्रत्येक गठ्ठ्यावर तारीख घालून सही करावयाची तिची सवय होती. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी ते गठ्ठे चाळले. १ ऑगस्टच्या गठ्ठ्यात एकाही बेरजेत चूक नव्हती. ३ ऑगस्टच्या गठ्ठ्यात दहांपैकी चार पत्रिकांवरच्या गुणांची बेरीज चुकलेली होती. एकच उदाहरण, एकच उत्तर. एका मुलाला बरोबर दिलेले, दुसऱ्याला चूक.

म्हणजे बिघाड लग्न मोडण्यापूर्वी तीन दिवस सुरू झालेला होता. पुढे चौकशीत कळले की, मुलाकडच्यांनी नकार दिला तोही तिच्या दूरध्वनीवरच्या विचित्र बोलण्यामुळे. आम्ही जे कारण समजत होतो ते कार्य होते. हे गठ्ठे डॉक्टरांपुढे ठेवले तेव्हा त्यांनी ते अर्धा तास लक्षपूर्वक पाहिले.

दुसरी माहिती आईने दिली, आणि तीही न विचारता. ती म्हणाली, "दिवसातून चार-पाच वेळा पोरीचा डावा ओठ ओढल्यासारखा होतो. तेवढ्या वेळात हाक मारली तरी ओ देत नाही. मला वाटले, विचारात हरवली असेल." ती विचारात हरवत नव्हती, त्या आकडीच्या लहान लहान लहरी होत्या. मी दूरध्वनीच्या कॅमेऱ्याने तसे दोन प्रसंग टिपले. मेंदूचा विद्युत्-आलेख काढला तेव्हा त्यातही तेच दिसले. हा आलेख माणसावर प्रथम काढला तो जर्मनीतील हान्स बेर्गर यांनी १९२४ साली. पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासण्याची रीत त्याहूनही जुनी, १८९१ सालची, हाइनरिख क्विंके यांची. बहिणीच्या त्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. चुंबकीय प्रतिमेत मात्र काही दिसले नाही. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रतिमा निर्दोष आली म्हणजे मेंदू निर्दोष आहे, असे सिद्ध होत नाही.

आता नावाची गोष्ट. क्षय नाही, हर्पिस नाही; ज्ञात प्रतिपिंडांची तपासणी केली, तीही नाही. अंडाशयात गाठ नाही. तीन आठवडे प्रत्येक अहवाल 'नाही' असाच येत होता. माझ्या मनाची त्या काळातली अवस्था अशी झाली की, एखादे वाईट नाव आले तरी चालेल, पण नाव येवो.

या अवस्थेत मला आधार दिला तो आपल्या एका फार जुन्या ग्रंथातील विचाराने. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अठराव्या अध्यायात, असे सांगितले आहे की, एखाद्या व्याधीचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. कारण सगळ्याच व्याधींना ठरलेली नावे असतात असे नाही. विकाराचे स्वरूप, स्थान आणि कारण ओळखून उपचाराला लागावे, असा त्या प्रतिपादनाचा रोख आहे. उलट पक्षी, नाव मिळाले म्हणजे सारे कळले असेही नव्हे. व्हिएन्नाचे कॉन्स्टंटिन फॉन एकोनोमो यांनी १९१७ साली माणसाला आठवडेच्या आठवडे गुंगीत ठेवणाऱ्या एका मेंदूदाहाचे वर्णन करून त्याला नाव दिले. तो आजार जगभर पसरला आणि ओसरला. त्याचे कारण शंभर वर्षे उलटून गेल्यावरही निश्चित झालेले नाही.

आधुनिक वैद्यकानेही हाच शहाणपणा नियमात आणला आहे. २०१६ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने काही कसोट्या प्रसिद्ध केल्या. तीन महिन्यांच्या आत स्मृती, भान किंवा वर्तन झपाट्याने बिघडले. जोडीला नव्याने आकडी, पाण्यात पेशींची वाढ यांसारखा किमान एक पुरावा आहे. आणि इतर कारणे वाजवी रीतीने वगळली आहेत, एवढे असले तर 'संभाव्य' निदान धरून, प्रतिपिंडांच्या अहवालाची वाट न पाहता, उपचार सुरू करता येतो. या कसोटीत पहिलीच गोष्ट काळाची आहे. बदल तीन महिन्यांतला की तीन वर्षांतला, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते घरचे माणूस सांगते. बहिणीवर उपचार सुरू झाले ते या आधारावर. पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड, नंतर हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून तयार होणारे महागडे इम्युनोग्लोब्युलिन. दहाव्या दिवशी तिने मला 'दादा' म्हणून हाक मारली.

एवढ्या अनुभवावरून, अशा घरातील भावंडांसाठी काही गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट वहीची. तारीख घालून रोज लिहावे : झोप किती, ताप किती, खाणे काय, झटका किती वाजता आला आणि किती वेळ टिकला, कोणते औषध कधी व किती दिले. त्या आधीच्या महिन्यातले आजार, प्रवास, कुत्र्याचा चावा, सुरू किंवा बंद केलेली औषधे हेही टिपावे. पाहिलेले आणि वाटलेले यांची सरमिसळ करू नये. 'वेड्यासारखी वागते' असे लिहिण्यापेक्षा 'रात्री दोनपर्यंत दाराची कडी मोजत होती' असे लिहावे. दुसरी गोष्ट, डॉक्टरांशी बोलावयाचे एकाच माणसाने, आणि 'याशिवाय दुसरे काय असू शकेल?' हा प्रश्न नम्रपणे पण अवश्य विचारावा. तिसरी गोष्ट आकडीची. रुग्णाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकला तर तात्काळ रुग्णालय गाठावे. आणि ताप, डोकेदुखी, आकडी किंवा तुटत चाललेले बोलणे यांच्या सोबतीने वागणे काही आठवड्यांत पालटले, तर मनोविकारतज्ज्ञांबरोबर मज्जाविकारतज्ज्ञांचाही सल्ला घ्यावा. दोघांत वैर नाही. माझ्या बहिणीला वाट दाखविली ती मनोविकारतज्ज्ञांनीच.

उशाशी बसणाऱ्याचीही काळजी कोणी तरी घ्यावी लागते. सलग जागरण केलेला माणूस चुकीचे औषध देतो आणि नको ते बोलतो. पाळ्या लावाव्यात. मन फार खचले तर टेलि-मानस ही शासनाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. १४४१६ या क्रमांकावर देशातून कोठूनही बोलता येते.

अशा आजारातून माणूस परत येतो तो एकदम नव्हे. बहिणीला शाळेत पुन्हा उभे राहण्यास चौदा महिने लागले. आधी झोप परतली, मग बोलणे, मग चिडणे आणि सर्वांत शेवटी हिशेब. आजारातले सहा आठवडे तिच्या स्मृतीतून पूर्णपणे पुसले गेले आहेत. ते दिवस तिच्यासाठी फक्त माझ्या वहीत आहेत. तिने ती वही मागितली तेव्हा मी दोन दिवस टाळाटाळ केली. कारण पहिल्याच पानावर ७ ऑगस्टचे माझे वाक्य जसेच्या तसे लिहिलेले होते. दुसऱ्याची चूक तारखेनिशी टिपणाऱ्याने आपली गाळावी हे मला पटले नाही, म्हणून ते मी पुसलेही नव्हते.

तिने ते पान वाचले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, मला यातले काहीच आठवत नाही. तुला एकट्यालाच आठवते." मी मान हलविली. वहीच्या शेवटी औषधांच्या खर्चाचा हिशेब होता. तो तिने पेन्सिल घेऊन पुन्हा केला आणि माझ्या बेरजेतली चाळीस रुपयांची चूक दाखवून दिली. तिच्या आजाराला अजून नाव मिळालेले नाही. कागदांवर आजही 'संभाव्य' एवढाच शब्द आहे. दर सहा महिन्यांनी ती तपासणीला जाते, आणि वही आता ती स्वतः लिहिते.