जुन्या साच्यातला हायाबुसा

अंजनगाव सुर्जीचं नाव निघतं ते ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे, नाहीतर पानमळ्यांमुळे. प्लॅस्टिकच्या विमानांशी या गावाचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. हॉबीचं दुकान नाही. खोकं येतं ते कुरिअरनं. पण महायुद्धातल्या जपानी विमानाचं एखादं जुनं किट जुळवायला लागतो तो वेळ, मीठ, फेविकॉल आणि गॅरेजवाल्याशी ओळख. हे सगळं इथे मुबलक आहे.

विमान कोणतं निवडावं? दहातले नऊ जण झीरोच्या मागे लागतात. झीरो नौदलाचं, देखणं, एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो आणि त्रिंकोमालीवर चालून आलेलं. माझा कौल मात्र नाकाजिमाच्या की-४३ ला, म्हणजे हायाबुसाला. हे लष्कराचं विमान. दोस्तांच्या वैमानिकांनी त्याला ‘ऑस्कर’ म्हटलं. आपल्याशी खरी गाठ पडली ती याची. ५ डिसेंबर १९४३ ला कलकत्त्याच्या गोदीवर भरदिवसा बॉम्ब पडले, तेव्हा बॉम्बफेक्या विमानांच्या राखणीला हायाबुसा होती. १९४४ च्या इंफाळ मोहिमेतही तीच. त्याच मोहिमेत सांगशाकच्या वेढ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन झुंजली. आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत भारतीय हवाई दलाच्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनमधल्या जगदीश चंद्र वर्मांनी जुनाट हरिकेनमधून एक ऑस्कर पाडलं. त्या युद्धात आपल्या हवाई दलाच्या नावावर हवेतला असा विजय विरळाच.

विमान हलकं आणि कमालीचं चपळ, पण मारा तोकडा: नाकावर दोन मशीनगन, बस्स. पंखाची घडणच अशी की त्यात तोफ मावत नव्हती. या विमानाच्या आखणीत हात असलेले हिदेओ इतोकावा पुढे जपानी रॉकेटविद्येचे जनक ठरले. १९५५ मध्ये त्यांनी वीतभर लांबीचं पेन्सिल रॉकेट उडवलं. त्यांच्या नावाच्या लघुग्रहावर २००५ मध्ये जे यान उतरलं आणि २०१० मध्ये तिथले कण घेऊन परतलं, त्याचं नावही हायाबुसाच.

किटांचं माहेर शिझुओका. सुतारकामाचं हे शहर आधी लाकडी मॉडेलं करायचं. तामियाची सुरुवात १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीपासून झाली आणि १९६० मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेनं ती कंपनी प्लॅस्टिकमध्ये आली. हासेगावाही तिथलीच. सत्तरच्या दशकात निचिमो कंपनीनं १/४८ मापाचं हायाबुसा काढलं. ओताकी कंपनीची विमानं बाहेरून झकास, कॉकपिटात मात्र जवळजवळ ओसाड. या कंपनीचे साचे पुढे आरी या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि तीच विमानं नव्या खोक्यांतून विकली गेली. म्हणून खोक्यावरचं साल बघून फसू नये, साच्याचं वय विचारावं.

आजची नवी किटं अशी चपखल बसतात की माणूस फक्त गोंद लावायला उरतो. जुन्याचं तसं नाही. माझ्या टेबलावर आहे ते साठच्या दशकातल्या साच्याचं, १/७२ मापाचं. पंधरा सेंटिमीटरचा पंख आणि त्यावर उठावाचे रिव्हेट. अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटरचा होईल. भाकरीवरच्या तिळासारखे दिसतात. काही लोक सगळे घासून पुन्हा रेघा कोरतात. मी पॉलिशपेपरनं फक्त त्यांचा माज उतरवतो.

पंख आणि धड यांच्यातल्या फटीत नखाची कड जाते. तिथे डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडची एनसी पुट्टी चालते, पण पातळ हातानं, थरावर थर. एकदम लांबी भरली की आतून ओली राहते, आकसते आणि तिच्यातला थिनर प्लॅस्टिक खातो. काचेच्या छताजवळ फेविक्विक नेऊ नये, वाफेनं काच पांढुरकी होते. फेविकॉल लावावा, वाळला की दिसत नाही. पिवळे पडलेले डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हं, पारदर्शक पिशवीत बंद करून खिडकीच्या काचेला चिकटवले की उन्हानं उजळतात. आपल्याकडे ऊन विकत घ्यावं लागत नाही.

खरी गंमत रंगात. ब्रह्मदेशातल्या हायाबुसांचा हिरवा रंग पोपडे सुटून खालचं अॅल्युमिनियम दाखवायचा. तो परिणाम मिठानं साधतो: आधी चंदेरी रंग, तो पक्का वाळला की पाण्याचा हात, त्यावर जाड मिठाचे कण, वरून हिरवा. सुकल्यावर बोटानं मीठ झाडलं की पोपडे तयार. कण सारखे पेरले तर देवी आल्यासारखं दिसतं. पंखाच्या मुळाशी दाट आणि टोकाकडे विरळ पेरावेत, कारण चढता-उतरताना बूट तिथेच पडायचे. शेपटीवर ६४ व्या सेंताईचा, म्हणजे हवाई पथकाचा, तिरपा बाण रंगवला तर कातो तातेओ यांची तुकडी ओळखू येते. ते स्वतः २२ मे १९४२ ला बंगालच्या उपसागरावर पडले.

मे महिन्यात हे काम काढू नका. नवतपात स्प्रेचा थेंब विमानापर्यंत पोचायच्या आत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. कूलर लावला तर दमट हवेनं लॅकर पांढरा पडतो, शिवाय खसाचा कचरा ओल्या रंगावर बसतो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. घरात जुनं किट पडून असेल तर दिवाळी झाली की उघडा. संक्रांतीपर्यंत वऱ्हाडातली हवा कोरडी आणि गार असते, आणि रंग तेव्हाच नीट बसतो.