आगगाडीच्या इंजिनाची प्रतिकृती व तिचे छायाचित्र

बुलढाणा जिल्ह्यातील लोहमार्ग घाटाखालच्या भागातून जातो. मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर मार्गावर असून जलंबहून खामगावला जाणारा फाटा कापसाच्या व्यापारासाठी १८७० साली सुरू झाला. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांत मात्र रूळ नाहीत. जालना-खामगाव मार्गाची मागणी फार जुनी आहे. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील काही मुले रोज गाडीची शिट्टी ऐकतात, तर काहींना इंजिन केवळ पुस्तकातील चित्रावरून ठाऊक असते. चित्रात इंजिन बोटभर असते आणि शेजारच्या पानावरचा बैलही बोटभरच असतो. इंजिनाचा खरा आकार अशा चित्रातून मनात ठसत नाही. प्रमाणात केलेली प्रतिकृती ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढते.

इंजिनांच्या प्रतिकृती करण्याचा छंद जगभर जोपासला जातो. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांच्या अशाच छंदातून छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय उभे राहिले व १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. तेथील गाड्या १:८७ या प्रमाणाच्या आहेत. या प्रमाणाचे बाजारातील रूळ १६.५ मि.मी. अंतराचे असतात. ते परदेशातील १,४३५ मि.मी. मार्गाशी जुळतात, आपल्या १,६७६ मि.मी. रुंद मार्गासाठी १९ मि.मी.हून थोडे अधिक अंतर हवे. छंदिष्टांनी ही तडजोड पत्करली आहे. शाळेला ती पत्करण्याचे कारण नाही, कारण तेथे सर्व काही पुठ्ठ्याचेच करावयाचे असते.

शाळेसाठी १:५० हे प्रमाण सोयीचे. खऱ्या वस्तूचा १ मीटर म्हणजे प्रतिकृतीतील २ सें.मी., हा हिशेब चौथीच्या मुलालाही तोंडी करता येतो. या मार्गावर धावणाऱ्या प्रवासी गाड्यांच्या विजेच्या इंजिनांपैकी डब्ल्यूएपी-७ हे नमुन्यास घ्यावे. त्याची लांबी सुमारे २०.५६ मीटर, म्हणजे प्रतिकृती ४१ सें.मी.ची होईल. नव्या चाकाचा व्यास १,०९२ मि.मी., म्हणजे प्रतिकृतीत जवळजवळ २२ मि.मी. रुपयाचे नाणे पुठ्ठ्यावर ठेवून वर्तुळे काढली की चाके तयार होतात. मात्र सर्व रुपये एका मापाचे नसतात, म्हणून २२ मि.मी.चे नाणे मोजूनच निवडावे. एका बाजूस तीन-तीन चाकांचे दोन गट, दोन्ही बाजू मिळून बारा चाके. वहीचे पुठ्ठे, खळ व ज्वारीच्या धांड्याचा गर एवढ्या साहित्यात काम भागते. रुळाखालच्या खडीसाठी चाळलेली जाड वाळू घ्यावी. सुमारे ५ सें.मी.चा खडा या प्रमाणात १ मि.मी.चा होतो.

याच वेळी जुन्या डब्ल्यूपी जातीच्या वाफेच्या इंजिनाचे एक चालकचाक कापून शेजारी ठेवावे. त्याचा व्यास १,७०२ मि.मी., म्हणजे प्रतिकृतीत ३४ मि.मी. खरे चाक चौथीतल्या मुलाहून उंच होते. इतके मोठे चाक कशासाठी, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात. वाफेच्या इंजिनात दट्ट्या दांड्याने थेट चाकाला जोडलेला असतो व त्याच्या एका येरझारीत चाक एकदाच फिरते. वेग हवा तर एका फेऱ्यात अधिक अंतर तोडणारे चाक हवे. विजेच्या इंजिनात मोटार व चाक यांच्यामध्ये दातेरी चक्रे असल्याने लहान चाकही चालते.

सातवीच्या वर्गास याहून अवघड हिशेब देता येतो. डब्ल्यूएपी-७ चे वजन १२३ टन आहे. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी पन्नासपट घटली की घनफळ १,२५,००० पट घटते. म्हणजे त्याच धातूंची, आतून-बाहेरून तंतोतंत तशीच प्रतिकृती एक किलोहूनही थोडी हलकी भरेल. हे उत्तर मुलांना प्रथम खोटे वाटते. ते त्यांच्याकडूनच पुन्हा काढून घ्यावे.

प्रत्यक्ष इंजिन पाहण्यास मुलांना न्यावयाचे झाल्यास स्थानक अधीक्षकांची परवानगी घ्यावी व निरीक्षण फलाटावरूनच करावे. मोजमापासाठी रुळांत उतरणे सर्वस्वी वर्ज्य होय. रुळांवरील तारेत २५,००० व्होल्ट दाबाची वीज असते व परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. चाके मोजणे, दारे व खिडक्या कोठे आहेत ते टिपणे, एवढे फलाटावरून उत्तम साधते.

प्रतिकृती झाली की तिचे छायाचित्र घ्यावे. बहुतेक जण उभे राहून वरून छायाचित्र घेतात आणि मग इंजिन खेळणे दिसते. रुळाशेजारी उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असतात. १:५० प्रमाणात ही उंची ३ सें.मी. होते. कॅमेऱ्याचे भिंगही तेवढ्याच उंचीवर हवे. मोबाईल उलटा धरला की वरच्या टोकाचे भिंग खाली येते. तो फार जवळ नेल्यास इंजिनाचे तोंड स्पष्ट व मागचा भाग धूसर येतो, म्हणून हात-दीड हात मागे राहून छायाचित्र घ्यावे व नको तो भाग नंतर छाटावा. सकाळचे ऊन पुरेसे असते. दिव्यांनी दोन-दोन सावल्या पडतात, खऱ्या इंजिनाची उन्हात एकच पडते. टेबल पटांगणात असे ठेवावे की मागे भिंत न येता मोकळे आकाश येईल.

एक छायाचित्र वरून व एक रुळाच्या पातळीवरून घेऊन दोन्ही दुसऱ्या वर्गातील मुलांपुढे ठेवावीत, कोणत्या चित्रातील इंजिन मोठे आहे असे विचारावे, आणि सर्वांची उत्तरे फळ्यावर लिहून झाल्यावर ती प्रतिकृती टेबलावर आणून ठेवावी.