तरंगंबाडीचा बंगला आणि चुन्याची भिंत

तंजावरच्या जुन्या राज्यात समुद्रकाठी तरंगंबाडी हे बंदर होते. १६२० साली तेथील राजे रघुनाथ नायक यांनी डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना येथे किल्ला बांधू दिला. पुढे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरचे अधिपती झाले. त्यांच्या वंशजांनाही डेन लोक वार्षिक खंडणी देत असत. १८४५ साली हे ठाणे इंग्रजांना विकले गेले. मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील डॅनिश गव्हर्नराचा बंगला किल्ल्यासमोर अद्याप उभा आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या सहकार्याने एकविसाव्या शतकात त्याची दुरुस्तीही झाली.

पांढऱ्याशुभ्र खांबांमुळे हे घर प्रथमदर्शनी युरोपीय वाटते. परंतु त्याचे शरीर येथल्याच मातीचे आहे. विटा येथल्या, चुना येथला आणि तो मळणारे हातही येथलेच. खांबांमागील ओसरी आपल्या पडवीचेच काम करते. भिंतीवर थेट ऊन पडू देत नाही. भिंत जाड असल्याने दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास पुष्कळ वेळ लागतो, आणि उंच छतामुळे गरम हवा माणसांच्या डोक्यावर राहते.

या किनाऱ्यावर चुना पुष्कळदा शिंपल्यांपासून करीत. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळू मिसळून भिंतीवर लावला की हवेतील तोच वायू हळूहळू शोषून पुन्हा घट्ट होतो. थोडक्यात, शिंपल्याचा दगड भिंतीवर नव्याने तयार होतो.

असा गिलावा सच्छिद्र असतो, आणि हाच त्याचा मोठा गुण होय. समुद्राकाठच्या भिंतीत खारट ओल शिरतेच. ती चुन्यातून बाहेर येऊन वाळते. मिठाचे स्फटिक गिलाव्यात वाढतात, गिलावा भुगा होऊन गळतो, पण आतील वीट वाचते. गिलावा पुन्हा लावता येतो. वीट मात्र पुन्हा घडविता येत नाही.

सिमेंट चुन्यापेक्षा पुष्कळ टणक व घट्ट असते. म्हणून जुन्या घरास ते लावणे हिताचे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ओल सिमेंटच्या आड कोंडली जाते आणि मिठाचे स्फटिक विटेतच फुगून तिचे पापुद्रे सोडवितात. बाहेरून भिंत धडधाकट दिसते, आतून मात्र झिजत जाते. अशा घरांची दुरुस्ती चुन्यानेच करावी, असे जाणकार सांगतात, ते यासाठीच.

हा धडा केवळ तरंगंबाडीपुरता नाही. आपल्या गावातील वाडा, देऊळ किंवा जुनी शाळा चुन्यात बांधलेली असेल, तर तिच्या भिंतीवर सिमेंटचा थर चढविण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि त्या भिंतीतील पाणी बाहेर कोणत्या वाटेने जाईल, हा प्रश्न विचारावा.