टायर तापतो म्हणून हवा कमी करू नका

उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी मुरुडहून गाड्या परतीला लागतात. आत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि सुक्या मासळीच्या पिशव्या. निघताना कुणीतरी हमखास सांगतं, ‘रस्ता तापलाय, हवा थोडी कमी कर, नाहीतर टायर फुटेल.’ सल्ला प्रेमाचा असतो, पण घातक.

हवा कमी असली की वजनाखाली टायरची बाजू जास्त दबते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती दुमडते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या दुमडण्यानं रबर आतून तापतं, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि भरधाव गाडीचा टायर फुटतो. चालून चालून दाब चार-पाच पीएसआय वाढणारच. कंपनीनं ते आधीच गृहीत धरलेलं असतं. म्हणून वडखळच्या आसपास पंपावर थांबून गरम टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडू नये. टायर थंड झाला की ती कमी पडलेली दिसते.

हवा तपासायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. निदान तीन तास तरी गाडी उभी असावी. स्वतःचा गेज जवळ असला तर उत्तमच. पंपावरच्या पोऱ्यानं ‘किती टाकू?’ विचारलं की आपण सवयीनं ‘पस्तीस’ म्हणून मोकळे होतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. गाडी भरलेली असेल तर बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांना जास्त हवा लागते, तेही तिथंच लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावरचा आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते.

गेज लावून झाला की व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा आणि क्षणभर बघा. बुडबुडा फुगला तर तिथून हवा जातेय. टोपी न विसरता लावा. किनाऱ्यावरची वाळू आणि खारी हवा व्हॉल्व्हमध्ये जाऊ नये यासाठीच ती असते.

मऊ वाळूत टायर पसरावा म्हणून हवा कमी करतात, ते खरं. पण म्हणून काशीदच्या पुळणीवर गाडी घालू नका. भरती यायला लागली की रुतलेली गाडी काढायला फार वेळ मिळत नाही.

आणि स्टेपनी. तिची हवा वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. 2020च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाडीला स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. तेव्हा तुमच्या डिकीत स्टेपनी आहे की नुसतं किट, हे घरूनच बघून निघा.