यकृतातील मेद आणि हृदयाच्या वाहिन्या

यकृताच्या विकाराचे नाव निघाले, की आपल्याकडे हुर्राक आणि फेणी आठवते. पेडणे वा डिचोलीतील एखाद्या निर्व्यसनी घरातील बारा वर्षांच्या मुलाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आढळले, तर पालक प्रथम दचकतात आणि पोटदुखी थांबताच तो अहवाल फाईलमध्ये ठेवून देतात. खेदाची गोष्ट अशी, की आपणा डॉक्टरांपैकीही कित्येक जण तेच करतात.

मेदयुक्त यकृताच्या प्रौढ रुग्णांमध्ये मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे. इन्सुलिनला दाद न देणारे यकृत साखर आणि ट्रायग्लिसराइड रक्तात सोडत राहते. एलडीएलचे कण लहान व घट्ट होतात, हितकारक एचडीएल घटते. यकृतातच तयार होणारी फायब्रिनोजेन व सीआरपी ही प्रथिने वाढतात. धमनीच्या अस्तराला हे सारे एकाच वेळी सोसावे लागते. सिरोसिस झाल्यावर मात्र कोलेस्टेरॉल उतरते, रक्तदाबही खाली येतो. ती सुधारणा नव्हे. यकृताची निर्मितिक्षमताच खचलेली असते.

या प्रक्रियेचा आरंभ बालपणी होतो. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील ७४२ मुलांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्थूल मुलांपैकी ३८ टक्के मुलांचे यकृत मेदयुक्त होते. आपल्या केंद्र शासनानेही २०२१ साली हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला.

बालरथ दाराशी येतो, ही सोय उत्तमच. पण शाळेपर्यंतची पायपीट संपली आणि सकाळच्या पेजेची जागा बिस्किटांनी घेतली. मुलाच्या कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, लिपिड आणि एसजीपीटी तपासावे. कृश मुलात असे यकृत दिसल्यास विल्सनचा विकार आधी वगळावा. औषधापेक्षा गोड पेये बंद करणे आणि रोज तासभर मैदानावर घाम गाळणे अधिक गुणकारी ठरते.

त्याच भेटीत आईवडिलांचीही तपासणी करावी. वडिलांना स्टॅटिनची गरज असेल आणि एसजीपीटी किंचित वाढलेले दिसले, तर केवळ त्या धास्तीने स्टॅटिन थांबवू नये. मेदयुक्त यकृतात ते सुरक्षित आहे.