पिंजऱ्यातली घालमेल

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाल्कनीत टांगलेल्या पिंजऱ्यातले लव्हबर्ड चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागतात. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. अंगातली उष्णता ते मुख्यतः श्वासावाटे बाहेर टाकतात. अशा वेळी पिंजरा लगेच सावलीत हलवायला हवा.

ताण मात्र इतका उघड दिसत नाही. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या तावडीत आधी सापडतो, म्हणून दुखणं लपवणं हा पक्ष्यांचा स्वभावच. स्वतःची पिसं उपटणं, तासन्‌तास एकाच लयीत डोलणं, गज चावत राहणं, बोलक्या पक्ष्यानं अचानक गप्प होणं, ही एकटेपणाची किंवा भीतीची खूण असू शकते. दिवसभर पिसं फुलवून बसलेला, प्रत्येक श्वासाला शेपटी हलवणारा पक्षी बहुधा आजारी असतो. त्याला त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावं.

शहरातल्या हिमायतबागेत थव्यानं उडणारा आपला हिरवा पोपट पाळणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हाच आहे. थव्यात जगणाऱ्या या जिवाला एकट्यानं कोंडणं क्रूरच.

घरी असा पोपट असेल, तर वनविभागाशी संपर्क साधा. त्याला परस्पर उडवून मात्र देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला स्वतःचं अन्न शोधणं अवघड जातं.