तंजावूरचा पतंग आषाढातला

पतंग म्हटला की आपल्याला संक्रांत आठवते. तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या राजवीथींत हा हिशेब चुकतो. १६७६ ते १८५५ भोसल्यांनी इथून राज्य केलं, संक्रांतीचा तिळगूळ इथल्या मराठी घरांना परका नाही. पण पतंग वाऱ्याचं ऐकतो, आणि इथला वारा आषाढाचा. तमिळ महिना आडी, म्हणजे मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट.

त्या दिवसांत पुणं-साताऱ्यात छत्री उघडलेली असते. इथे मात्र कोरडा, झोंबणारा पश्चिमवारा! नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीवर रिता होतो आणि पालघाटच्या खिंडीतून मोकळ्या हातांनी तिरुची-तंजावूरकडे धावतो. त्याने कोडगूत सांडलेलं पाणी कावेरीतून मागाहून येतं. आडीच्या अठराव्या दिवशी इथे नदीची पूजा होते. एकच पावसाळा, पाणी जमिनीवरून आणि वारा आभाळातून, असा दोन वाटांनी पोचतो.

तमिळमध्ये पतंगाला पट्टम म्हणतात, नाहीतर कात्ताडी. कात्तु म्हणजे वारा. आपली जुनी वावडी मात्र आता फक्त उठवण्यापुरती उरली आहे.

लढाऊ पतंगाची रचना साधी दिसते, पण आहे बेरकी. चौकोनी कागद टोकावर उभा, मधोमध बांबूचा ताठ कणा, आडवी लवचीक कमान. शेपूट नाही. दोर खेचला की वाऱ्याच्या दाबाने कमान मागे वाकते, दोन्ही पंख होडीच्या कडांसारखे कलतात आणि पतंग नाकासमोर सुसाट सुटतो. ढील दिली की कमान सरळ होते, कागद सपाट पडतो, पतंग जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. नाक हव्या त्या दिशेला आलं की पुन्हा खेच. सारं कौशल्य त्या क्षणाचं. कण्णीची गाठ बोटभर चुकली तर उस्तादही हात टेकतो. आडीच्या वाऱ्यात तर पातळ कागद टिकतच नाही. जाड कागद, जाड कमान, हवं तर शेपूटही. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडावं!

मांजाबद्दल मी कडवा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, ते योग्यच झालं. तो कुजत नाही, झाडांवर अडकून राहतो, पाखरांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापतो. राजवाड्याच्या मनोऱ्यांवर पारव्यांची वस्ती आहे. तिथे साधा सुती दोराच बरा. पतंग कापला नाही तरी चालतो, उडाला की झालं.